घटमांडणी ते वेधशाळा : बुलढाणा जिल्ह्यातील पर्जन्यभाकिताचा इतिहास

प्रस्तावना

वैशाख शुद्ध तृतीयेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ या गावाबाहेरील शेतात घटाची मांडणी होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे निरीक्षण करून त्या वर्षीचा पाऊस, पिके, पिकांचे भाव, देशाचा राजा आणि देशावरील संकटे यांविषयी भाकीत सांगितले जाते. हे भाकीत ऐकण्यासाठी विदर्भ, खानदेश आणि मराठवाडा या भागांतून शेतकरी येतात, आणि त्याच दिवशी मराठी वृत्तपत्रे व दूरचित्रवाहिन्या ते राज्यभर पोहोचवितात. त्याच सुमारास भारतीय हवामानशास्त्र विभागाचा मान्सूनविषयक पहिला दीर्घकालीन अंदाजही प्रसिद्ध झालेला असतो. एकाच शेतकऱ्याच्या हाती एकाच पंधरवड्यात अशी दोन भाकिते येतात.

या विषयावरील चर्चा सामान्यतः दोन टोकांची होते. एका बाजूस घटमांडणी ही निव्वळ अंधश्रद्धा असे म्हणून विषय संपविला जातो, तर दुसऱ्या बाजूस तीत प्राचीन विज्ञान दडलेले आहे असा दावा केला जातो. प्रस्तुत लेखात या दोहोंपैकी एकाचीही वकिली करावयाची नाही. पावसाचे भाकीत करणारी जुनी लोकसंस्था आणि वसाहतकाळात जन्मलेली शासकीय संस्था यांचा इतिहास एकत्र ठेवून पाहिल्यास काय दिसते, आणि भाकीत चुकल्यावर त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यातील पाऊस समजून घ्यावयाचा तर प्रथम जिल्ह्याची ठेवण लक्षात घेतली पाहिजे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा भाग ‘घाटावर’, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्याचा भाग ‘घाटाखाली’. जुन्या कागदपत्रांतील बालाघाट व पायनघाट ही नावे याच विभागणीची होत. घाटाखालचा प्रदेश काळ्या खोल जमिनीचा असून त्याच्या मोठ्या भागात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथे भूगर्भातील पाणी सिंचनास फारसे उपयोगी पडत नाही. त्यामुळे पाऊस हाच खरा आधार. उत्तरेस सातपुडा उभा असल्याने डोंगरात कोसळलेला पाऊस काही तासांत खाली गावांत शिरतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्यात भेंडवळ वसले आहे. येथे एका प्रशासकीय तपशिलाकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. जळगाव व खामगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत ते बुलढाणा जिल्ह्यास जोडले गेले. म्हणून भेंडवळ परिसराच्या एकोणिसाव्या शतकातील नोंदी शोधणाऱ्या अभ्यासकाने बुलढाण्याच्या नव्हे, तर अकोल्याच्या दप्तरात पाहावयास हवे. स्थानिक इतिहासावरील लेखनात ही चूक वारंवार होते.

घटाची रचना

घटमांडणीची परंपरा चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केली असे सांगितले जाते. ती तीनशे ते साडेतीनशे वर्षांपूर्वीची असल्याची वाघ घराण्याची व गावाची धारणा आहे. हा कालनिर्देश मौखिक परंपरेवर आधारलेला आहे. मौखिक परंपरेतील आकडा हा पुष्कळदा ‘फार जुने’ एवढाच अर्थ सांगत असतो. म्हणून तो तिथीसारखा वापरू नये. परंपरा त्याच घराण्यात आजही चालू आहे, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

मांडणी अशी असते. शेतात वर्तुळाकार घट आखून त्याच्या कडेने गहू, ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, जवस, सरकी, मसूर अशी अठरा प्रकारची धान्ये ठेवली जातात. मध्यभागी खड्डा करून त्यात मातीची चार ढेकळे ठेवतात. ही चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, सांडोई, करंजी, भजे, वडा आणि पायथ्याशी विडा-सुपारी. रात्री त्या ठिकाणी कोणी थांबत नाही. पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागेवरून हलले, सुपारी स्थिर आहे की नाही, हे पाहून भाकीत सांगितले जाते. ढेकळावरून त्या त्या महिन्याचा पाऊस, धान्यावरून त्या त्या पिकाचे उत्पन्न, पुरीवरून पृथ्वी, कुरडई-सांडोईवरून चारापाणी, करंजीवरून तिजोरी आणि सुपारीवरून राजा. मसूर हे परचक्राचे चिन्ह मानले जाते.

ही रचना सहज दिसते त्याहून अधिक बोलकी आहे. वऱ्हाडातील कुणब्याच्या घरी वर्षभरात जे जे लागते, ते सर्व त्या वर्तुळात आहे. अन्न आहे, वैरण आहे, बाजारात विकावयाचा कापूस सरकीच्या रूपाने आहे, सावकाराचे किंवा सरकारचे देणे ज्यातून भागते ती तिजोरी आहे, आणि शेवटी राजाही आहे. पाऊस, भाव आणि राज्यकर्ता हे तीन वेगळे विषय आहेत असे शेतकऱ्यास कधीच वाटले नाही. तसे ते विद्यापीठांच्या विभागांना वाटते. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धाने वऱ्हाडाच्या कापसास आलेली तेजी आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत पोहोचलेला जलंबचा लोहमार्ग यांनंतर तर या मुलखातील शेतकरी लँकेशायरच्या बाजाराशीच बांधला गेला. अशा शेतकऱ्यास नुसता ‘पाऊस किती’ एवढे सांगून भागणारे नव्हते.

प्रस्तुत लेखकाने ही मांडणी प्रत्यक्ष पाहिली आहे. पहाटेच्या अंधारात शेताच्या बांधावर जमलेले बहुतेक शेतकरी भाकिताचा शब्द न् शब्द टिपून घेतात. पूर्वी वहीत, आता भ्रमणध्वनीत. त्यांतील कितीजण त्यानुसार पेरणी करतात हा वेगळा प्रश्न आहे. एका वृद्ध शेतकऱ्याने दिलेले उत्तर असे होते की, “आइकाचं सगळ्यायचं, पेराचं मात्र ओल पाहूनच.”

शास्त्रग्रंथांतील पूर्वसूत्रे

घटमांडणीचे वेगळेपण सांगताना ती जणू भेंडवळलाच उगवली असे मानले जाते. ते तितकेसे खरे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त पर्जन्यविषयक अनेक अध्याय आहेत. त्यांतील रोहिणीयोगाच्या अध्यायात श्रावणादी चार महिन्यांच्या नावांनी पाण्याचे कलश ठेवून, त्यांतील पाण्याच्या स्थितीवरून त्या त्या महिन्याचा पाऊस ओळखण्याची पद्धत सांगितली आहे. आषाढीयोगाच्या अध्यायात आषाढी पौर्णिमेस निरनिराळी बियाणी तोलून रात्रभर ठेवावीत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलावीत आणि ज्याचे वजन वाढले असेल ते पीक चांगले येईल असे समजावे, असे म्हटले आहे. चार महिन्यांसाठी चार चिन्हे, धान्यांची मांडणी, मध्ये एक रात्र आणि सकाळचे निरीक्षण हा सांगाडा भेंडवळच्या घटात जसाच्या तसा आढळतो. हा सांगाडा ग्रंथांतून गावात आला, की गावोगावी असलेली रीत ग्रंथकाराने टिपली, याचा निवाडा करण्याची घाई करू नये. ज्योतिषग्रंथांनी लोकरूढी आत्मसात केल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

बीज तोलण्याच्या रीतीमागे हवेतील आर्द्रता धान्याने शोषून घेण्याची क्रिया आहे, हे कोणासही पटेल. परंतु एका रात्रीची आर्द्रता ही पुढील चार महिन्यांच्या पावसाची खूण ठरत नाही. ‘प्राचीन विज्ञान’ म्हणणाऱ्यांची गाडी येथेच अडते. वैशाखातील एका शेतावरील दंव आणि सप्टेंबरमधील बंगालच्या उपसागरावरील कमी दाबाचे क्षेत्र यांना जोडणारा कोणताही दुवा वातावरणशास्त्रास ज्ञात नाही.

दुसरीकडे, मोजमापाची परंपराही या देशास परकी नव्हती. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठारासमोर एक अरत्नी तोंडाचे पात्र ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले असून प्रदेशवार पावसाची मापे दिली आहेत. अश्मक देशासाठी साडेतेरा द्रोण, तर अवंतीसाठी तेवीस द्रोण. अश्मक म्हणजे गोदावरीकाठचा, आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा मुलूख. त्याला दिलेले कमी माप आजच्या मराठवाड्याच्या अनुभवाशी जुळणारे आहे, एवढे नमूद करून पुढे जाऊ.

गावोगावच्या शेतकऱ्याच्या तोंडी मात्र ग्रंथांपेक्षा सहदेव-भाडळीची वचने आणि नक्षत्रांची वाहने अधिक होती व आहेत. मृगात पेरणी, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, हस्ताचा हत्ती ही नुसती अलंकारिक नावे नव्हेत. तेरा-चौदा दिवसांच्या तुकड्यांत पावसाळा वाटून प्रत्येक तुकड्याला पिकाच्या एका अवस्थेशी जोडणारे ते पंचांगच आहे. पाऊस पडेल की नाही हे ते सांगत नसले, तरी केव्हा पडला तर काय करावे हे सांगते. या दृष्टीने नक्षत्रज्ञान हे भाकितापेक्षा नियोजनाच्या अधिक जवळचे आहे.

सरकारी भाकिताचा जन्म आणि १८९९ चा धडा

१८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मधील मान्सूनचे अपयश यांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना झाली. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने पावसाचे पूर्वानुमान करता येईल काय, अशी विचारणा सुरू केली. ब्लॅनफर्ड यांनी त्याचे उत्तर हिमालयात शोधले. हिवाळ्यात व वसंतात हिमालयावर बर्फ अधिक पडले व उशिरापर्यंत टिकले, तर उत्तर भारतात कोरडे वारे वाहतात आणि मान्सून दुबळा होतो, असे त्यांनी १८८४ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले. १८८२ ते १८८५ या काळातील प्रायोगिक अंदाजांनंतर १८८६ मध्ये पहिला नियमित दीर्घकालीन अंदाज प्रसिद्ध झाला. सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्वारीचे भवितव्य हिमालयातील हिमरेषेवरून ओळखण्याचा हा पहिला प्रयत्न. धाडसी होता, आणि कारणमीमांसेवर उभा असल्याने तपासता येण्याजोगा होता.

ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी हिमालयातील बर्फाबरोबर हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियापर्यंतची निरीक्षणे जमेस धरली. पण १८९९ साली त्यांचा अंदाज सपशेल चुकला. चांगल्या पावसाचे चिन्ह सांगितले गेले आणि प्रत्यक्षात मान्सून कोरडा गेला. त्यातून उद्भवलेला दुष्काळ लोकस्मृतीत ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणून राहिला. कारण ते संवत १९५६ होते. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ असा लौकिक असलेल्या आणि दुष्काळापासून सुरक्षित समजल्या गेलेल्या या प्रांतासही त्याने सोडले नाही. १८९१ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ९७ हजार असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे २७ लाख ५४ हजारांवर आली. दशकभरात ती वाढण्याऐवजी जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली. १८९६-९७ ची टंचाई, रोगराई आणि १८९९-१९०० चा दुष्काळ या सर्वांचा तो एकत्रित परिणाम होय. केवळ चुकलेल्या अंदाजावर तो दोष टाकता येणार नाही. धान्यापेक्षा कापसाकडे वळलेली शेती आणि सारावसुलीची कठोरता ही कारणे अधिक खोलवरची होती.

त्यानंतर जे घडले ते प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. १९०१ चाही अंदाज फसल्यावर वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली, आणि १९०२ ते १९०५ या काळात मान्सूनचा अंदाज गोपनीय ठेवण्यात आला. तो केवळ सरकारी अधिकाऱ्यांस कळविला जाई. १९०६ पासून तो पुन्हा जाहीर होऊ लागला. ज्यांच्या शेतावर पाऊस पडणार किंवा पडणार नव्हता, त्यांच्यापासूनच भाकीत चार वर्षे लपविले गेले. संस्थेने स्वतःची प्रतिष्ठा राखली. जोखीम मात्र शेतकऱ्याकडेच राहिली. भेंडवळचे भाकीत उघड्या शेतात, सूर्योदयाच्या वेळी, कोणीही यावे आणि ऐकावे अशा रीतीने सांगितले जाते. ते बरोबर असते असे येथे सुचवावयाचे नाही. ते सार्वजनिक असते, इतकेच.

१९०४ मध्ये आलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे केंब्रिजचे गणितज्ञ. एखाद्या घटकावर विश्वास ठेवण्यापूर्वी त्याचा पावसाशी असलेला सहसंबंध आकड्यांनी मोजावा, हा दंडक त्यांनी घातला. या शोधातून त्यांच्या हाती ‘दक्षिणी आंदोलन’ आले, ज्याचा एल निनोशी असलेला संबंध पुढे अनेक दशकांनी उलगडला. १९२८ मध्ये विभागाचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. १९३२ मध्ये पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचे कार्य सुरू झाले आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र हवामान वार्तापत्र निघू लागले. अंदाजाचा ग्राहक सरकार नसून शेतकरी आहे, हे मान्य होण्यास स्थापनेपासून सत्तर वर्षे लागली.

सरासरीचा भ्रम

१९८८ पासून वापरात आलेले, डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रतिमान अनेक वर्षे यशस्वी मानले गेले. २००२ मध्ये त्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला. प्रत्यक्षात ८१ टक्के पडला, आणि पेरणीनंतरचा जुलै तर जवळजवळ निम्म्या पावसावर गेला. त्यानंतर प्रतिमाने बदलली. पण देशाच्या सरासरीचा आकडा बुलढाण्याच्या शेतकऱ्यास मुळात काय सांगतो, हा प्रश्न त्या बदलांनी सुटला नाही.

याचे ठळक उदाहरण २०२३ सालचे आहे. त्या वर्षी विभागाने ९६ टक्के पावसाचा अंदाज दिला, प्रत्यक्ष पाऊस ९४ टक्के झाला. देशाच्या पातळीवर हे उत्तम यश होय. परंतु त्याच जुलैच्या उत्तरार्धात जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या कुशीत एवढा पाऊस कोसळला की नदीनाल्यांच्या पुराने शेतजमिनी खरवडून गेल्या. आणि पुढचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हंगामाची बेरीज बरोबर आली आणि शेतकऱ्याचे वर्ष बुडाले. घटातील चार ढेकळे पावसाळ्याची बेरीज सांगत नाहीत, महिन्यांची वाटणी सांगतात. उत्तर चूक असेल, पण प्रश्न नेमका शेतकऱ्याचा आहे.

वादळी पाऊस आणि गारपीट यांच्या बाबतीत तर ही अडचण आणखी वाढते. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, मध्य महाराष्ट्र व विदर्भात झालेल्या गारपिटीने काढणीस आलेला गहू, हरभरा, कांदा व फळबागा झोपविल्या. हवेचे तापमान ज्या उंचीवर शून्य अंशास पोहोचते, ती गोठणपातळी गारांच्या दृष्टीने निर्णायक असते. पावसाळ्यात ती पाच किलोमीटरच्या वर जात असल्याने आणि खालची हवा दमट व उबदार असल्याने गारा वाटेतच वितळतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती खाली असते, वरच्या थरांत उत्तरेकडून थंड हवा येते, आणि जोरदार ऊर्ध्वगामी प्रवाहाने वर नेलेले थेंब गारा होऊनच जमिनीवर येतात. हे काही तास आधी ओळखण्यासाठी रडार हवे. नागपूरच्या डॉप्लर रडारपासून भेंडवळ सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावर रडारचा सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून पाच-सहा किलोमीटर वरून जातो. म्हणजे गोठणपातळीच्या खाली ढगात काय चालले आहे, ते त्याच्या दृष्टीस पडत नाही. पर्वतावरच्या बर्फावरून मैदानातील पाऊस सांगू पाहणाऱ्या ब्लॅनफर्ड यांच्यापासून आपण बरेच पुढे आलो; तरीही या तालुक्यावरचे आकाश खालच्या बाजूने अर्धे अंधारात आहे.

उत्तरदायित्व आणि नोंदी

२०१७ च्या जुलैमध्ये बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी हवामान विभागाच्या अधिकाऱ्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाच्या अंदाजावर विसंबून पेरणी केली आणि पाऊस लांबला, अशी ती तक्रार होती. तिची बरीच थट्टा झाली. प्रस्तुत लेखकास ती थट्टेचा विषय वाटत नाही. दुबार पेरणी म्हणजे बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च दुप्पट, आणि तोही बहुधा कर्जाने. २००६ मध्ये केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांमुळे विशेष साहाय्य जाहीर केलेल्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता, हे विसरता येत नाही. घटमांडणीविरुद्ध अशी तक्रार होत नाही, कारण तिच्याकडून तशी अपेक्षाच ठेवली जात नाही. शासनाकडून ठेवली जाते. हा शासकीय विज्ञानाचा एक प्रकारे गौरवच आहे.

मात्र त्या अपेक्षेस उतरण्यासाठी उभारलेली यंत्रणाही डळमळीत राहिली. महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे राज्यात दोन हजारांहून अधिक ठिकाणी पाऊस मोजला जाऊ लागला, ही मोठी सुधारणा होय. पण स्थानिक भाषेत तालुकानिहाय सल्ला देणारी देशभरातील सुमारे दोनशे जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. बुलढाण्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही असे केंद्र कार्यरत होते. मोजण्याची साधने वाढली आणि मोजलेले समजावून सांगणारी माणसे कमी झाली.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने भेंडवळच्या भाकितांवर वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत आणि ते रास्त आहेत. परंतु खंडनासही नोंदी लागतात. घटाचे भाकीत दरवर्षी वृत्तपत्रांत छापून येते. तहसील कचेऱ्यांतील पर्जन्यमापकांचे आकडेही शासकीय दप्तरात आहेत. ही दोन्ही साधने वर्षवार शेजारी ठेवण्याचे काम आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व संख्याशास्त्र विभागांनी मिळून करण्याजोगे आहे. त्यात पहिली अडचण एककाची येईल. ‘जूनमध्ये साधारण, जुलैत बरा, ऑगस्टमध्ये चांगला’ या शब्दांपैकी ‘बरा’ म्हणजे किती मिलिमीटर, हे आधी ठरवावे लागेल. आणि ते घाटावर एक असेल, घाटाखाली दुसरे.